आकाशाखालचे संग्रहालय : चार्ल्स कोरिया यांच्या ‘भारत भवन’ची वास्तुरचना आणि आदिवासी कलेचे स्थान

गोषवारा :
भोपाळ येथील ‘भारत भवन’ ही वास्तू १९८२ साली लोकार्पित झाली. तिचे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी संग्रहालयाच्या रूढ, बंदिस्त नमुन्याऐवजी चौक, गच्च्या आणि पायऱ्या यांतून उतरत जाणारी वाट हा रचनेचा आधार मानला. या वास्तूतील ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयात नागर समकालीन कला आणि आदिवासी-लोककला यांना एकाच छताखाली समान दर्जाचे स्थान मिळाले. प्रस्तुत लेखात या वास्तुरचनेचे स्वरूप स्पष्ट करून, इमारतीची मांडणी आणि कलेविषयीची दृष्टी यांचा परस्परसंबंध तपासला आहे. चंद्रपूर व गडचिरोली या गोंडबहुल जिल्ह्यांच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व व मर्यादा यांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : समकालीन कला, संग्रहालय, वास्तुरचना, चार्ल्स कोरिया, भारत भवन, गोंड-परधान चित्रकला.

१. प्रस्तावना :
संग्रहालय म्हटले की वस्तूंचा विचार आधी होतो आणि इमारतीचा नंतर. वस्तुतः इमारत ही संग्रहालयाची पहिली भाषा असते. प्रेक्षक कोठून आत येतो, आधी काय पाहतो, कोणती वस्तू उजेडात असते आणि कोणती कोपऱ्यात, यांवरून त्या समाजाने कोणत्या निर्मितीस ‘कला’ मानले आणि कोणत्या निर्मितीस केवळ ‘नमुना’ मानले, हे लक्षात येते.

विदर्भातील वाचकास याचे जवळचे उदाहरण नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात मिळते. १८६३ साली स्थापन झालेले हे संग्रहालय जनमानसात आजही ‘अजब बंगला’ म्हणून ओळखले जाते. हे नाव बोलके आहे. तेथे जायचे ते अजब वस्तू पाहण्यासाठी, अशी एकोणिसाव्या शतकातील धारणा त्यात टिकून राहिली आहे. प्राणी, शिलालेख, शस्त्रे आणि आदिवासींच्या वापरातील वस्तू एकाच वास्तूत मांडणे ही त्या काळातील ज्ञानव्यवहाराची रीत होती. या रीतीत गोंड वा माडिया माणसाने कोरलेला खांब त्या जमातीची माहिती देणारा पुरावा ठरतो. तो कोणी कोरला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारला जाईल अशी जागा निर्माण करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न भोपाळ येथे झाला. १९५० ते १९५६ या काळात तत्कालीन चांदा जिल्हा आणि मंडला जिल्हा हे एकाच मध्य प्रदेश राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, मंडला मध्य प्रदेशातच राहिला आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झाले. गोंड समाजाचा सलग प्रदेश अशा रीतीने प्रशासकीय दृष्ट्या विभागला गेला. त्यामुळे भोपाळ येथील प्रयोगाकडे पाहणे म्हणजे आपल्याच सांस्कृतिक प्रदेशाच्या दुसऱ्या भागाकडे पाहणे होय.

२. संग्रहालय-इमारतीचे दोन नमुने :
आधुनिक काळातील संग्रहालयांच्या रचनेचे ढोबळमानाने दोन नमुने सांगता येतात. पहिल्यास ‘पेटी’ म्हणता येईल आणि दुसऱ्यास ‘वाट’.

पेटीच्या नमुन्यात चार भिंती, छप्पर, नियंत्रित प्रकाश व नियंत्रित हवा असते. बाहेरचे जग दाराशीच थांबते. युरोप व अमेरिकेतील थंड हवामानात हा नमुना स्वाभाविक होता. पुढे पांढऱ्या भिंतींचे निर्विकार दालन हीच आधुनिक कलेची योग्य जागा होय, असा संकेत जगभर रूढ झाला. या पेटीचे बाह्यरूप बदलण्याचे अनेक प्रयत्न झाले. न्यूयॉर्क येथील गुगेनहाइम संग्रहालयात (१९५९) फ्रँक लॉइड राइट यांनी वरून प्रकाश घेणारा चक्राकार उतार योजला. स्पेनमधील बिल्बाओ येथे (१९९७) फ्रँक गेरी यांनी टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढविलेली शिल्पसदृश इमारत उभारली. या वास्तू त्या त्या शहराची ओळख बनल्या. तथापि त्यांच्यात आत आणि बाहेर यांची सीमारेषा पक्कीच राहिली.

महाराष्ट्रात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ साली सुरू झाली, ती मात्र नव्या इमारतीत नव्हे. १९११ साली जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधल्या गेलेल्या सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या अंतर्भागात वास्तुकार रोमी खोसला यांनी जिन्यांनी जोडलेली अर्धवर्तुळाकार दालने रचली. जुन्या वास्तूच्या पुनर्वापराचे हे कौशल्यपूर्ण उदाहरण असले, तरी तोही पेटीचाच नमुना आहे.

‘वाट’ हा नमुना वेगळा आहे. त्यात प्रेक्षक चालत असतो. तो कधी छताखाली असतो, कधी सावलीत, तर कधी उघड्या आकाशाखाली. मंदिराचा प्रदक्षिणापथ, नदीचा घाट, वाड्यातील चौक ही या अनुभवाची आपल्या परिचयाची रूपे होत. मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठी असलेला मंदिरसमूह पाहताना आपण एका इमारतीतून दुसऱ्या दालनात जात नाही. प्रांगणातून फिरत शिल्पे पाहतो, आणि पाहण्याच्या या कृतीत ऊन, वारा, नदी यांचाही वाटा असतो. कोरिया यांनी समकालीन कलासंग्रहालयासाठी हाच नमुना स्वीकारला.

३. वास्तुकाराची भूमिका :
चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) हे मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील वास्तुकार. त्यांचा जन्म सिकंदराबादचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्था येथे शिक्षण घेऊन १९५८ पासून त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय केला. नवी मुंबईच्या नियोजनात त्यांचा मोठा सहभाग होता. पुण्यातील ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्राची वास्तूही त्यांचीच. १९७२ साली पद्मश्री व २००६ साली पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव झाला.

उष्ण प्रदेशात उघडे आकाश ही उणीव नसून ती उपयोगात आणावयाची एक खोलीच आहे, असे त्यांच्या विचाराचे सूत्र मांडता येईल. सकाळी अंगण, दुपारी ओसरी, रात्री गच्ची अशा रीतीने आपल्याकडे घर दिवसभरात वापरले जाते. हवामान, वेळ आणि कार्य यांनुसार माणूस जागा बदलतो. मग सर्व कार्ये एकाच बंद खोक्यात कोंबून ते यंत्रांनी थंड करण्याची गरज काय, असा हा युक्तिवाद आहे.

हा विचार त्यांनी प्रथम साबरमती येथील गांधी स्मारक संग्रहालयात (१९६३) उपयोजिला. ६ मीटर बाय ६ मीटरची कौलारू एकके, त्यांपैकी काही बंद तर काही उघडी, आणि मध्ये पाण्याचा चौक अशी ती साधी रचना आहे. खिडक्यांना काचा नसून लाकडी झडपा आहेत. पणजी येथील कला अकादमीत (१९८३) रस्त्यापासून मांडवीच्या काठापर्यंत खुला जाणारा, छायाच्छादित मार्ग त्यांनी ठेवला. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात (१९९२) नऊ चौरसांच्या मांडणीतून त्या शहराच्या मूळ आराखड्याचे स्मरण दिले. या मालिकेत भारत भवनचे स्थान मध्यवर्ती आहे.

४. भारत भवनची रचना :
भोपाळ येथील श्यामला टेकडीच्या उतारावर, मोठ्या तलावाच्या काठी ही वास्तू उभी आहे. ‘उभी आहे’ हा शब्दप्रयोग मात्र येथे पुरता लागू पडत नाही, कारण ती बव्हंशी उतारात बसविलेली आहे. रस्त्याच्या बाजूने येणाऱ्यास भव्य दर्शनी भाग, स्तंभांची ओळ किंवा घुमट दिसत नाही. प्रवेश सर्वांत वरच्या पातळीवर आहे. तेथून गच्च्या आणि बगिचे टप्प्याटप्प्याने तलावाकडे उतरतात. या उतरत्या वाटेच्या दोन्ही अंगांना खोलगट चौक आहेत आणि त्या चौकांभोवती दालने आहेत. एका दालनाची गच्ची हे वरच्या पातळीवरील अंगण ठरते.

चंद्रपूर, गडचिरोली भागातील माजी मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कल्पना सहज उमगेल. तलावाच्या पाळीवर उभे राहिले असता पाणी आणि शेते एकाच दृष्टिक्षेपात दिसतात, आणि उतरू लागले की एकेक बांधी वेगळी दिसू लागते. भारत भवनातही प्रथम समग्र दृश्य आणि नंतर एकेक चौक असा अनुभवाचा क्रम आहे.

या रचनेचे तीन परिणाम नोंदविण्यासारखे आहेत. पहिला, इमारतीचा दबदबा निर्माण होत नाही. शासकीय कचेरीच्या पायऱ्या चढताना सामान्य माणसास जो संकोच वाटतो, तो येथे पायऱ्या उतरताना वाटत नाही. दुसरा, पाहण्याचा क्रम सक्तीचा नाही. कोणत्या चौकात आधी वळावे हे प्रेक्षक ठरवतो. तिसरा, दालनांमध्ये उच्च-नीच असा क्रम उरत नाही. मुख्य सभागृह आणि त्याला जोडलेले दुय्यम पंख अशी मांडणी नसल्यामुळे प्रत्येक दालन कोणत्या ना कोणत्या चौकाशी सारखेच जोडलेले असते. या तिसऱ्या परिणामाचा कलादृष्टीशी निकटचा संबंध आहे.

५. प्रकाश आणि वायुवीजन :
जमिनीत बसविलेल्या इमारतीत अंधार व कोंदटपणा येण्याचा धोका असतो. कोरिया यांनी त्यावर दोन उपाय योजले. गच्चीवर डोकावणाऱ्या काँक्रीटच्या कवचांतून दालनांत वरून प्रकाश येतो. गच्च्यांच्या कठड्यांलगत ठेवलेल्या फटींतूनही उजेड व हवा आत शिरते. ही कवचे बाहेरून शिल्पासारखी दिसतात आणि वास्तूची ओळख बनली आहेत. मात्र त्यांचे प्रयोजन शोभेचे नाही. आकाशाचा उजेड आत आणणे हे त्यांचे काम होय.

चौकांकडील उघड्या बाजूंना दुहेरी आवरण आहे. आतील बाजूस काही स्थिर काचा व काही उघडता येणाऱ्या झडपा असून त्यांतून दिवसा प्रकाश व वारा घेता येतो. बाहेरील बाजूस मोठी लाकडी दारे असून ती रात्री सुरक्षिततेसाठी लावली जातात. दिवसा दालन चौकास खुले असते, रात्री ते पेटीप्रमाणे बंद होते. आपल्या जुन्या घरांतील ओसरी आणि तिची लाकडी दारे यांचेच हे विस्तारित रूप म्हणता येईल.

६. ‘रूपंकर’ : दोन दालने, एक दर्जा :
भारत भवनचे लोकार्पण १३ फेब्रुवारी १९८२ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. येथे नाट्यासाठी ‘रंगमंडल’, कवितेसाठी ‘वागर्थ’, संगीतासाठी ‘अनहद’ आणि दृश्यकलांसाठी ‘रूपंकर’ असे विभाग निर्माण करण्यात आले. ‘रूपंकर’ची धुरा चित्रकार जगदीश स्वामीनाथन (१९२८–१९९४) यांच्याकडे होती.

स्वामीनाथन यांनी तरुण कलावंत व कलाविद्यार्थी यांची पथके मध्य प्रदेशातील खेड्यापाड्यांत पाठविली. जुन्या वस्तू गोळा करणे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. आज जिवंत असलेली, आज चित्र काढणारी माणसे शोधणे हा मुख्य हेतू होता. आदिवासी कला ही भूतकाळाचा अवशेष नसून, शहरातील चित्रकार ज्या काळात जगतो त्याच काळातील ती निर्मिती आहे, म्हणून तीही तितकीच समकालीन होय, अशी त्यांची भूमिका होती. त्यानुसार ‘रूपंकर’मध्ये नागर आधुनिक कला आणि आदिवासी-लोककला यांची दालने एकाच संग्रहालयाचे समान घटक म्हणून योजण्यात आली.

याच शोधात तत्कालीन मंडला (आता दिंडोरी) जिल्ह्यातील पाटनगढ या गावी जनगढ सिंह श्याम हा तरुण परधान चित्रकार पथकाच्या नजरेस आला. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक व वंशकथाकार. ‘बाना’ या वाद्यावर देवांच्या व राजांच्या कथा गाणे हे त्यांचे पिढीजात कार्य. जनगढ यांनी त्या गेय परंपरेतील देवदेवता, प्राणी व वृक्ष यांना कागदावर आणि कॅनव्हासवर ठिपक्यांचे व रेषांचे रूप दिले. भारत भवनच्या आरंभीच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, तेथेच त्यांना काम मिळाले आणि १९८९ साली पॅरिस येथील ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता. कोरिया यांनीच रचलेल्या भोपाळच्या विधान भवनातही जनगढ यांची भित्तिचित्रे आहेत. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयाच्या निमंत्रणावरून तेथे वास्तव्यास असताना त्यांचा अकाली मृत्यू झाला. परंतु तोवर त्यांच्या आप्तस्वकीयांची एक पिढी चित्रकलेत उतरली होती. भज्जू श्याम यांना २०१८ साली आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, हे या प्रवाहाचे फलित होय.

येथे इमारतीचा वाटा किती, असा प्रश्न विचारला पाहिजे. दृष्टी स्वामीनाथन यांची होती आणि प्रतिभा जनगढ यांची. तथापि ज्या इमारतीत एक भव्य मध्यवर्ती दालन असते, तेथे त्या दालनात कोणाची चित्रे लावायची हा प्रश्न अटळ असतो, आणि आदिवासी कलेच्या वाट्यास बहुधा मागील पंख येतो. भारत भवनच्या रचनेत मागील पंखच नाही. समान प्रकाश, समान चौक आणि समान पातळी यांमुळे समानतेचा विचार प्रेक्षकास पायांनी अनुभवता येतो.

७. मर्यादा :
या प्रयोगाच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा जतनाची. कागदावरील चित्रे, कापड व लाकूड यांना स्थिर तापमान व स्थिर आर्द्रता लागते. वाऱ्यास खुल्या असलेल्या दालनात धूळ, दमट हवा व कीटक यांपासून संरक्षण करणे कठीण जाते. म्हणून अशा वास्तूतही नाजूक कलाकृतींसाठी बंद, नियंत्रित कक्ष आणि कोठार असणे अपरिहार्य ठरते.

दुसरी मर्यादा देखभालीची. गच्ची हेच अंगण असेल, तर जलरोधनाची काळजी सातत्याने घ्यावी लागते. अनावृत काँक्रीट पावसात काळवंडते. पणजीच्या कला अकादमीचे उदाहरण या दृष्टीने चिंताजनक आहे. नूतनीकरण सुरू असताना जुलै २०२३ मध्ये तेथील खुल्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला. वास्तू श्रेष्ठ असणे आणि ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी मर्यादा वैचारिक आहे. दालने समान असली तरी ती दोनच आहेत : एक नागर कलेचे आणि दुसरे आदिवासी-लोककलेचे. जनगढ यांच्यासारखा, स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा चित्रकार यांपैकी कोणत्या दालनात असावा, याचे उत्तर या विभागणीतून मिळत नाही. समान दर्जा देणारी वास्तू वेगळेपणाही अधोरेखित करते, हा त्यातील अंतर्विरोध होय. भोपाळ येथेच २०१३ साली सुरू झालेल्या, वास्तुकार रेवती कामथ यांनी रचलेल्या जनजातीय संग्रहालयात आदिवासी कलावंतांनी प्रत्यक्ष दालनेच घडविली. तो पुढचा टप्पा मानता येईल, मात्र तेथे नागर कलेशी शेजार उरत नाही.

८. चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात :
गडचिरोली जिल्ह्याची निर्मिती २६ ऑगस्ट १९८२ रोजी, म्हणजे भारत भवनच्याच वर्षी झाली. या चार दशकांत मंडला-दिंडोरी भागातील गोंड-परधान चित्रकला जगभर पोहोचली. महाराष्ट्रात डहाणू परिसरातील वारली चित्रकलेस जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्या रूपाने नाव आणि चेहरा मिळाला. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीतील गोंड, माडिया व परधान समाजांच्या निर्मितीस तसे स्थान मिळालेले नाही. परधान समाज आपल्याही जिल्ह्यांत आहे, आणि कथागायनाची परंपराही त्याची आहे. लाकडावरील कोरीव काम, बांबूकाम, मृतांच्या स्मरणार्थ उभारले जाणारे पाषाण व खांब हे सर्व येथे आहे. उणीव आहे ती नामनिर्देशाची, आणि या निर्मितीस समकालीन मानणाऱ्या जागेची.

अशी जागा निर्माण करताना भारत भवनची नक्कल करणे उपयोगाचे नाही. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते, त्यामुळे उघड्या चौकांपेक्षा खोल ओसऱ्या आणि झाडांची सावली यांचे प्रमाण अधिक असावे लागेल. पावसाळाही मोठा असल्याने सपाट गच्चीपेक्षा उतरते छप्पर योग्य ठरेल. येथील गोटुल ही वास्तू या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. लाकडी खांब, उतरते छप्पर, समोर मोकळे पटांगण आणि गावातील सर्वांची सामाईक मालकी, हे तिचे गुण होत. समकालीन संग्रहालयास आवश्यक असलेला मोकळेपणा त्यात आधीच आहे. अशा संग्रहालयाचा अभ्यास व दस्तऐवजीकरण यांत २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आणि परिसरातील महाविद्यालये भाग घेऊ शकतात.

९. निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.
१) संग्रहालयाची इमारत तटस्थ नसते. तिच्या मांडणीतून कलेची प्रतवारी व्यक्त होते.
२) भारत भवनमध्ये दर्शनी भव्यतेचा त्याग आणि चौकांभोवतीची समपातळीवरील रचना यांमुळे नागर व आदिवासी कलेचे समान स्थान प्रत्यक्षात उतरले.
३) उघड्या आकाशाचा वापर हा उष्ण प्रदेशासाठी योग्य व कमी खर्चिक पर्याय असला, तरी नाजूक कलाकृतींसाठी नियंत्रित कक्ष व नियमित देखभाल यांची जोड आवश्यक आहे.
४) वास्तू एकटी पुरेशी नसते. कलावंताचा शोध घेणारी, त्याचे नाव नोंदविणारी आणि त्यास काम देणारी माणसे तिच्यात असावी लागतात.
५) चंद्रपूर-गडचिरोली परिसरात असा उपक्रम व्हावयाचा असल्यास त्याचा आरंभ आराखड्याने न होता कलावंतांच्या नावांच्या नोंदीने व्हावा. कोण कोठे काय घडवीत आहे, हे ठाऊक झाल्यावरच त्यांच्या निर्मितीस कोणता प्रकाश आणि कोणती सावली हवी, हे वास्तुकारास सांगता येईल.